गाडी बसवणारे राऊत हवालदार

बोईसरमध्ये त्या काळी पोलिसांनी एखादा ट्रक अडकवून ठेवला की 'गाडी बसवली' असे म्हणत. शब्द कोणी काढला ठाऊक नाही. चाकाला लावायचे ते पिवळे लोखंडी जबडे पुष्कळ नंतर आले. तेव्हा होती ती जाड साखळी. मागच्या चाकाच्या भोकातून ती ओवायची, चासीला वेढा द्यायचा आणि कुलूप घालायचे. गाडी मग जिथे असेल तिथे बसली. हे काम ज्यांच्याकडे होते ते वामन राऊत हवालदार अलीकडेच वाणगावला आपल्या घरी वारले. मला ते उशिरा कळले. त्यांच्यावर कोणी काही लिहील असे वाटत नाही, म्हणून मी लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण घाईने लिहिलेले त्यांना आवडत नसे.

मी स्टेशनजवळच्या एका लहान वाचनालयात ग्रंथपाल होतो. राऊत मला 'मास्तर' म्हणत. मी शाळेत कधी शिकवले नाही, हे त्यांना दोनदा सांगून पाहिले. "पुस्तकं हायत ना जवळ? मंग मास्तरच," एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला. दुपारी कारखान्यांची पाळी बदलली आणि रस्ता जरा मोकळा झाला की ते वाचनालयात येत. टोपी काखेत, खांदे पडलेले, चाल अशी की दुसऱ्याच कोणाच्या कामाला निघाले आहेत. वर्तमानपत्र उघडत आणि पहिल्या पानावरच डोळे मिटून बसत. एकदा मी विचारले, "कंटाळा येतो का हो या कामाचा?"

"कंटाळा नाय मास्तर, दमलोय. कंटाळा येयाला मानसाला वेळ लागतो."

रस्त्याची तेव्हाची अवस्था आज सांगून पटणार नाही. कारखाने वाढत गेले, रस्ता होता तेवढाच राहिला. गुजरातेतून, मुंबईतून, कुठून कुठून आलेले ट्रक कारखान्याच्या फाटकातून आत घेतले जाण्याची वाट पाहत दोन्ही बाजूंना उभे असत. एसटी अडे, सायकलवाले गटारात उतरत. कधी आजारी माणसाला खाटेवर घालून चालत न्यावे लागे. मग वरून हुकूम आला की रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्या अडकवा, कागदपत्रे नसतील त्याही अडकवा. साखळ्या आणि कुलुपे राऊतांच्या ताब्यात आली.

शिट्टी त्यांच्या खिशात असे, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. ते ट्रकच्या दारावर तळहाताने दोन थापा मारत आणि म्हणत, "उतरा बाबा. तुमची गाडी जरा बसते आता." लांबून आलेले ड्रायव्हर या सौजन्यानेच गोंधळून जात. साखळी लावून झाली की राऊत सुरूच्या झाडाखालचे आपले स्टूल ओढून त्या ड्रायव्हरपुढे ठेवत. स्वतः उभे राहत.

"बसा. गाडी बसलेली आन् ड्रायव्हर उभा, हे बरं दिसत नाय."

या 'बसण्या'नेच एकदा घोळ झाला.

जवळच्या समुद्रकाठच्या नवापूरच्या बायकांनी मिळून मासळी भरलेला एक ट्रक सुरतेला निघाला होता. पापलेट, वर बर्फ, त्यावर भुसा. ड्रायव्हर सुरतेचाच. फाटकाजवळ त्याने गाडी आडवी लावली आणि चहाला गेला. मागे एसटी अडली, एसटीच्या मागे आणखी सगळे. राऊतांनी गाडी बसवली. कागद मागितले तर ते मालकाकडे, सुरतेला. मालकाने ते घेऊन यावे, मग गाडी सुटेल, असे ठरले. ड्रायव्हरने टपाल कचेरीतून सुरतेला ट्रंक कॉल लावला. मीही तेव्हा तिथे वाचनालयाची पाकिटे टाकायला गेलो होतो. तो फोनमध्ये ओरडत होता, "सेठ, गाड़ी बैठ गई! बोईसर में बैठ गई! किसी को भेजो!"

शेठने ऐकले ते त्याच्या भाषेत. गाडी बसली म्हणजे तिचा एक्सल गेला, पाटा मोडला. त्याने माणूस पाठवला तो मिस्त्री. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मिस्त्री दुसऱ्या एका ट्रकमधून खांद्याएवढा एक्सल, दोन जॅक आणि हत्यारांची पेटी घेऊन उतरला. आल्या आल्या गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"अरे, इसमें टूटा क्या है?"

"टूटा कुछ नहीं," ड्रायव्हर म्हणाला. "बैठी है."

"बैठी है तो एक्सल काहे को मंगाया?"

"मैंने कहाँ मंगाया? मैंने बोला बैठ गई!"

चहावाल्यासकट सगळे हसले. राऊतही हसले. कागद मात्र अजून सुरतेलाच होते. तोवर बर्फाचे पाणी होऊन फळ्यांमधून गळत होते आणि वास सुटला होता. कोणीतरी नवापूरला निरोप दिला आणि संध्याकाळच्या आत जानूबाय आल्या. नवापूरच्या मासळीवाल्या बायकांत त्या मोठ्या होत्या, आवाजानेही. त्यांनी मागची फळी पाडायला लावली, एक पापलेट कल्ल्याला धरून उचलले आणि थेट राऊतांच्या नाकासमोर नेले.

"हुंग! हुंग ना रं हवालदारा! तुझ्या साखळीला वास नाय येत, माझ्या मासळीला येतो!"

"बाय, गाडी आडवी लावलीवती—"

"गाडीनं गुना केला! पापलेटानं काय केला? ते काय गाडी चालवत व्हतं?"

राऊतांनी खरोखरच हुंगले. बाकीचे पुन्हा हसायला लागले होते, ते थांबले. मासळी खड्ड्यात गेली. जानूबाय जाताना म्हणाल्या, "आमाला बोलावला असतास तर टोपल्या डोक्यावर उचलून नेल्या असत्या. एका शब्दाचा काम व्हता."

राऊत दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले आणि वर्तमानपत्राला हातही न लावता माझ्या टेबलासमोर बसले.

"मास्तर, गाडी एक आन् माल एक, हे तुमच्या पुस्तकी भाषेत कसं लिवायचं?"

त्यांना एक नियम हवा होता. गाडी अडकवली तरी आतला माल मालवाल्याला काढून नेता यावा, आणि गाडी अडकवण्याआधी आत काय आहे ते विचारले जावे. एवढेच. आम्ही बरेच दिवस शब्द शोधत होतो. मी 'जप्त' सुचवला. त्यांनी मान हलवली. "जप्त म्हंजे आपली झाली. गाडी आपली थोडीच हाय? आपल्याकडं नुसती बसलीय." मग मी फार विचार करून 'स्थानबद्ध' हा शब्द काढला. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिले.

"तो आनीबानीतला ना? नको बाबा. ट्रक काय भाषनं देत नाय."

शेवटी चार सोप्या ओळी झाल्या. गाडी थांबेल, माल जाऊ शकेल. आधी माल विचारा. लवकर नासणारा माल आधी सोडा. भरलेली गाडी ओढू नका. शेवटची ओळ, कधी कधी दुसऱ्या ट्रकला दोर बांधून गाडी ओढत, त्यासाठी होती. ठाण्याचे त्या वेळचे साहेब वयस्क होते. त्यांनी वाचून 'ठीक आहे' म्हटले. राऊतांनी रंगाऱ्याकडून त्या ओळी एका पत्र्यावर लिहून घेतल्या आणि तो पत्रा सुरूच्या झाडाशेजारी उभा केला. हिंदीतही लिहा, असे मी म्हटले. ते म्हणाले, "हिंदीत मी बोलतो ना." त्यांची हिंदी मी ऐकली होती.

पुढची काही वर्षे हा नियम चालला. कधी एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत चढे, कधी बैलगाडीत. चिकूच्या पेट्या एकदा पोलिसांनीच हाताने उतरवल्या. या काळात राऊतांना एक खोड लागली होती. माल विचारण्याआधी तो ओळखून दाखवायचा. ते फळीच्या फटीला नाक लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. हा निकाल जवळजवळ नेहमी चुकत असे. रंगाच्या गोण्यांना त्यांनी गूळ म्हटले. रबरी चपलांच्या खोक्यांना सुकट म्हटले. नेहमीचे ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू करून ओरडत, "हवालदार साब, सूँघ के बताओ!" राऊत गंभीरपणे नाक पुढे करत. त्यांचे चुकले की सगळ्यांना आनंद होई, आणि मला वाटते, त्यांना ते ठाऊक होते. थकलेल्या माणसांनी भरलेल्या त्या रस्त्यावर एवढीच करमणूक होती.

मग क्रेन आली.

ती बाळूशेठची. जुन्या लष्करी ट्रकवर लोखंडी खांब उभा करून त्याने ती बनवून घेतली होती. ट्रकचे तोंड आकड्याला लावून वर उचलायचे आणि मागच्या चाकांवर फरफटत न्यायचे. गाडी सोडवताना मालकाने उचलण्याचे पैसे बाळूशेठला द्यायचे. साखळी लावून रस्त्यातच गाडी ठेवली तर रस्ता अडतोच, हे त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. राऊतांनाही ते पटत होते. रिकाम्या गाड्या त्यांनी स्वतः उभे राहून उचलू दिल्या. भांडण भरलेल्या गाड्यांवरून होते. बाळूशेठ बोलायला मोकळा माणूस होता. तो एकदा पत्र्यासमोर उभा राहून, वाचून, राऊतांना म्हणाला,

"राऊत, रिकामी गाडी सोडवायला कोन येतो सांगा? चार दिस कुत्रं विचारत नाय. भरलेली उचलली की मालक चपला न घालता धावतो."

"तेच नको हाय मला."

"तुमी ट्रकवाल्यांचे का सरकारचे?"

"मी मधी उभा हाय. म्हनून दोनी बाजूची धूळ माझ्यावर."

याच सुमारास जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण होते, नेटके होते, कामाला वाघ होते. त्यांनी पत्रा पाहिला आणि विचारले, "हा कोणत्या आदेशाने लावला?" राऊतांनी खरे ते सांगितले. आदेश नव्हता. आधीच्या साहेबांनी तोंडी 'ठीक आहे' म्हटले होते. नवे साहेब म्हणाले, "मग हा नियम नाही, राऊत. ही तुमची इच्छा आहे."

हे वाक्य त्यांना लागले. त्या दिवशी वाचनालयात ते फार वेळ बसून होते. "बरोबर बोलले," ते म्हणाले. "सही नाय तर तो नुसता पत्रा. मी रिटायर झालो की कोनीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकील." त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती आणि तेवढ्यात त्या चार ओळींवर कोणा अधिकाऱ्याची सही व्हावी, हाच एक ध्यास त्यांनी घेतला. मी अर्ज लिहून दिला. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिला, या वेळी भाषा नरम केली. उत्तर आले नाही. तिसऱ्या अर्जात राऊतांनी मला नासलेल्या मासळीची हकीकत घालायला सांगितली आणि मग स्वतःच खोडायला लावली. "हसतील," म्हणाले.

एका उन्हाळ्यात दुपारी कारखान्यांच्या वळणावर एक टँकर अडकला. त्याच्या कागदांची मुदत संपली होती आणि तो उभा होता अगदी अवघड जागी. मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन तिकडून येत होतो. पाहतो तो बाळूशेठची क्रेन टँकरच्या तोंडाशी लागलेली, आकडा अडकवलेला, आणि राऊत ड्रायव्हरशी बोलत असलेले. या वेळी त्यांनी नाक पुढे केले नव्हते.

"काय हाय आत?"

"तेजाब है साब."

"किती?"

"पूरा. ऊपर तक."

ॲसिड म्हटल्यावर राऊत क्रेनवाल्याकडे वळले. "आकडा काढ."

क्रेनवाला खिडकीतून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय उचलायला. मी काय करू?"

राऊतांनी टोपी नीट डोक्यावर घातली, टँकरच्या पुढे गेले आणि त्याच्या बंपरवर, क्रेनच्या ताणलेल्या साखळीच्या खाली, बसले. आरडाओरडा नाही, काही नाही. दमलेला माणूस ओट्यावर बसतो तसे बसले.

"उचल," ते म्हणाले. "मलापन उचल."

गर्दी जमली. कोणी हसले, कोणी शिट्ट्या मारल्या. टँकरचा ड्रायव्हर एवढेच म्हणत होता, "अंकल, उठ जाओ, आपकी नौकरी जाएगी." बाळूशेठ आला, त्याने समजावले, मग चिडला, मग खरोखर काळजीने म्हणाला, "राऊत, का असं करता वो? उन्हात बसलाय, चक्कर येईल." राऊतांनी त्याच्याकडे पाणी मागितले आणि प्याले. पण उठले नाहीत.

साहेबांची जीप आली तेव्हा राऊत उभे राहिले, सलाम केला आणि पुन्हा बसले.

"राऊत, उठा."

"उठतो साहेब. तुमी एवढं लिवून द्या, भरलेला टँकर उचला म्हनून. खाली सही करा. मी लगेच बाजूला होतो."

साहेबांनी टँकरकडे पाहिले, क्रेनच्या खांबाकडे पाहिले, मग कारखान्याच्या भिंतीकडे. शेवटी ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी चालू होते ना? कंपनीत परत घेऊन जा. रिकामी करून आण." आणि जीपमध्ये बसून गेले. राऊतांकडे त्यांनी पाहिले नाही.

आत खरोखर धोका किती होता, ते मला आजही सांगता येणार नाही. टँकर उचलला असता तर कदाचित काहीच झाले नसते. मी हे पुढे राऊतांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "नसतंच झालं. तेच तर. एकदा उचलला आन् काय झालं नाय, की मंग तोच नियम. त्याला सही लागत नाय."

महिना उलटायच्या आत त्यांची बदली झाली. पालघरला, सरकारी खजिन्याच्या पहाऱ्यावर. शिक्षा म्हणावी तर ती नव्हती, वाणगावाहून रेल्वेने जाऊन येता येत होते, त्यामुळे तक्रारही करता येईना. जायच्या आदल्या दिवशी ते वाचनालयात आले. सहीचे काय, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, "अर्ज आता नका करू मास्तर. तुमचा कागद फुकट." पत्रा कोणी काढला ते मी पाहिले नाही. एके दिवशी तो तिथे नव्हता. साखळ्या दुसऱ्या हवालदाराकडे गेल्या. त्याच्याकडे शिट्टी होती आणि तो ती वाजवत असे.

त्यानंतर राऊत मला एकदाच भेटले. वाचनालयाच्या कामासाठी मी पालघरच्या कचेरीत गेलो होतो. खजिन्याच्या बंद दारासमोर, ओसरीवर, ते बंदूक घेऊन उभे होते. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. इतके नीटनेटके मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पहाऱ्यावर बोलायची परवानगी नसते, म्हणून मी खांबाशी, जरा बाजूला, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा उभा राहिलो. तेही समोर बघतच बोलत होते.

"हातात काय हाय?"

"पुस्तकांची यादी आहे. मंजुरीला आणली."

"बरं केलंत." थोड्या वेळाने म्हणाले, "इथं बरं हाय. दार बंदच असतं. कोन काय आनत नाय, कोन काय नेत नाय."

तेवढ्यात रस्त्यावरून एक क्रेन आली. बाळूशेठची नव्हे, नवी होती. मागे तोंड वर करून ओढला जाणारा ट्रक, हिरव्या मिरच्यांच्या गोण्यांनी भरलेला. तशी मिरची वाणगावच्या बाजूलाच होते. ट्रकचा ड्रायव्हर आपल्या त्या तिरप्या केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसला होता, आभाळाकडे तोंड करून. सगळा भार मागे सरकला होता आणि फळीवरून बांधलेली दोरी एका बाजूला सुटून रस्त्यावर लोळत होती. एक गोणी अर्धी बाहेर आली होती.

राऊतांचा हात बंदुकीच्या पट्ट्यावर सरकला आणि परत जागेवर गेला. त्यांनी पाऊल उचलले नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "मागची दोरी सुटलीय. तुमी मोकळे हाय. जरा पुढं होऊन सांगा त्याला."

मी निघालो. पळायची मला सवय नाही, पण त्या दिवशी पळालो. रेल्वेचे फाटक बंद होते म्हणून क्रेन तिथे थांबली होती. मी ट्रकच्या केबिनखाली उभा राहून ड्रायव्हरला सांगितले. तो उतरला, त्याने गोणी खांद्याने आत ढकलली. दोरीचे एक टोक मी धरले, दुसरे त्याने ओढून गाठ मारली. मिरच्यांनी माझे हात चुरचुरू लागले.

"आपको किसने बोला?" त्याने विचारले.

"एका हवालदारांनी."

त्याने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले. हवालदार कुठे दिसला नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि वर चढून बसला. फाटक उघडले. क्रेनने हिसका दिला, ट्रक हलला, दोरी टिकली.

मी कचेरीत परत आलो तेव्हा पहारा बदलला होता. दारासमोर एक तरुण शिपाई उभा होता. राऊत जेवायला गेले आहेत की घरी, ते त्याला माहीत नव्हते. मी थोडा वेळ थांबलो. मग म्हणालो, "ते आले तर एवढं सांगा, दोरी बांधली."

"कोणती दोरी?" त्याने विचारले.

ते सांगायचे तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि माझ्या गाडीची वेळ झाली होती.